मैफलीची ध्वनिफीत आणि श्रोत्यांची समीक्षा : कोल्हापूर परिसराच्या निमित्ताने

१

मराठी समीक्षेचा इतिहास सिद्ध करताना अभ्यासकांनी आजवर मुख्यतः मुद्रित साधनांचा आधार घेतला आहे. नियतकालिकांतील परीक्षणे, ग्रंथांच्या प्रस्तावना, वाङ्मयीन वाद आणि व्याख्याने यांतून समीक्षेची परंपरा उलगडून दाखविली जाते. ते स्वाभाविकही आहे; कारण लिहिलेले टिकते आणि बोललेले विरून जाते. परंतु कलाकृतीचे मूल्यमापन करणारी, तिच्या दोन आविष्कारांची तुलना करणारी, तिच्या काळाविषयी आणि कर्तृत्वाविषयी साधार निर्णय देणारी चर्चा मुद्रणाबाहेरही सातत्याने होत आली आहे. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे जमविणाऱ्या आणि ऐकणाऱ्या श्रोत्यांचे बोलणे हा अशा अमुद्रित समीक्षेचा एक ठळक नमुना होय. कोल्हापूर परिसराच्या संदर्भात या बोलण्याचा इतिहास पाहिला, तर संहिता म्हणजे काय, या साहित्यसिद्धान्तातील प्रश्नावरही त्यातून काही प्रकाश पडतो.

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणेच्या खोऱ्यातील मोठे गाव. जवळच जोतिबाचा डोंगर, लागूनच वारणानगरचा सहकारी साखर कारखाना आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था. या पट्ट्यात चैत्र-वैशाखातील कितीतरी दुपारी वळिवाची वाट पाहण्यात जातात. हवा कोंडते, झाडाचे पान हलत नाही, वाळवणे आत घेतली जातात, जनावरे गोठ्याकडे वळविली जातात आणि पुढचा तासभर कोणतेही काम हाती घेता येत नाही. अशा तासात गप्पांना रंग चढतो. गाण्याचा नाद असलेली चार माणसे एकत्र असली, की बोलणे जुन्या मैफलींच्या फितींकडे वळते. मल्लिकार्जुन मन्सूरांचा अमुक राग कोणत्या मैफलीतला, तबल्यावर कोण असावे, फीत मध्येच का तुटते, तीच मैफल दुसऱ्या कोणाकडे अधिक स्वच्छ आहे काय, असे ते प्रश्न असतात. वादळ सुटले आणि वीज गेली की यंत्र बंद पडते. बोलणे मात्र थांबत नाही, कारण ऐकलेले बहुतेकांच्या कानात असते. कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज, सांगली या टापूत असे दृश्य अपूर्वाईचे नाही, आणि म्हणूनच ते कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

या बोलण्याला नुसती हौस म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि त्याची प्रमेये, त्याची पुराव्याची पद्धती आणि त्याच्या मागचा इतिहास तपासला, म्हणजे ही हौस एका शिस्तीच्या जवळ जाते असे दिसून येईल.

२

कोल्हापूरच्या संगीतेतिहासातील मध्यवर्ती नाव अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचे. छत्रपती शाहूमहाराजांच्या दरबारात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर ते मुंबईस गेले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती त्यांच्या तालमीतून. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ हे त्यांचे पुत्र, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या, आणि पुत्रांकडून विद्या घेतलेले मल्लिकार्जुन मन्सूर, एवढी नावे घेतली तरी या परंपरेचा विस्तार ध्यानात येतो. परंतु स्वतः अल्लादियाखाँच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ही गोष्ट तंत्राच्या अभावामुळे घडली असे म्हणता येत नाही. भारतात ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये प्रारंभ झाला आणि खाँसाहेब त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे हयात होते.

म्हणजे या घराण्याच्या बाबतीत मूळ पाठच हाती नाही. जे हाती आहे ते दोन प्रकारचे : शिष्यांच्या गळ्यातून आलेले गाणे आणि ऐकणाऱ्यांच्या लेखणीतून आलेले वर्णन. खाँसाहेबांनी सांगितलेली आत्मकथा त्यांचे नातू अझीझुद्दीनखाँ यांनी लिहून घेतली आणि तिचा इंग्रजी अनुवाद २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे शब्द श्रुतलेखनाने टिकले, स्वर मात्र टिकला नाही, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

वर्णनाच्या बाजूला सर्वांत महत्त्वाचे नाव गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे. हार्मोनियमवादक, संगीतरचनाकार, नट आणि लेखक असलेल्या टेंब्यांनी कोल्हापूरच्या देवल क्लबातील वातावरणात आपला कान घडविला. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) आणि अल्लादियाखाँचे चरित्र या त्यांच्या ग्रंथांनी मराठीत संगीताविषयीच्या गद्याला एक वळण दिले. टेंबे साथीदाराच्या जागेवरून ऐकतात. गायकाची पुढची जागा कोठे पडणार याचा अंदाज घेत, त्याच्याबरोबर श्वास घेत ऐकलेले ते गाणे असते. त्यामुळे त्यांच्या वर्णनात निव्वळ गौरव येत नाही. आवर्तनाची बांधणी, लयीशी असलेले नाते, अनवट रागाचे चलन यांची दखल येते. ध्वनिमुद्रणाच्या अभावी स्मृतीला जे काम करावे लागले, ते त्यांनी गद्याकडून करवून घेतले.

याच काळातील दुसरे उदाहरण ‘संयुक्त मानापमान’चे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी, बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी खाडिलकरांच्या नाटकात एकत्र भूमिका केल्या. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’चे संगीत टेंब्यांचेच. या नाटकातील पदांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. पण त्या रात्रीचे काहीच शिल्लक नाही. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. पुढील पिढ्यांनी ती रात्र ऐकली ती केवळ बोलण्यातून आणि आठवणींच्या लेखनातून. पदे उपलब्ध आणि प्रयोग अनुपलब्ध, ही परिस्थिती संहिता आणि आविष्कार यांतील भेद जितका स्पष्ट करते तितका एखादा सिद्धान्तग्रंथही क्वचित करील.

३

ध्वनिमुद्रिकेने ही उणीव भरून काढली असे प्रथमदर्शनी वाटते. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात फ्रेड गेस्बर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून सुमारे अर्धे शतक हिंदुस्थानी संगीताला तीन-साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत बसावे लागले. घटकाभर चालणारा ख्याल या अवधीत मावेना. म्हणून बंदिशीचे मुखडे, दोनचार आलाप आणि वेगवान ताना असा त्याचा संक्षेप सिद्ध झाला. काही कलावंतांनी या संक्षेपाला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा दिली, हेही मान्य करावयास हवे. अब्दुल करीमखाँ यांच्या १९३०–४० या दशकातील ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष देतात.

तरीही ध्वनिमुद्रिका मैफलीची प्रत नव्हती. ती श्रोत्यांवाचून, कर्ण्यासमोर वा ध्वनिक्षेपकासमोर, ठरवून आणि घड्याळ लावून गायिलेली स्वतंत्र रचना होती. जयपूर घराण्यावर तर हा अन्याय विशेषच झाला. या गायकीत राग उलगडतो तो आवर्तनामागून आवर्तन, स्वरवाक्ये एकमेकांत गुंफत. तीन मिनिटांत त्याची सूचना देता येते, विस्तार दाखविता येत नाही. दुसरी अडचण अशी, की ध्वनिमुद्रिका कलावंताला एका वयावर खिळवून ठेवते. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्या प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिका मंजीखाँची तालीम मिळण्यापूर्वीच्या आहेत. त्यांवरून उत्तरायुष्यातील मन्सूर ओळखू येणे कठीण. त्या दोहोंमधील प्रवास ऐकावयाचा तर मैफलींच्या ध्वनिफितींकडेच वळावे लागते.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या बाबतीत नियतीने एक विलक्षण योग घडवून आणला. त्यांची भैरवीतील साडेतीन मिनिटांची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. दोन्ही याने त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. ‘व्हॉयेजर १’ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. साडेतीन मिनिटांचा संक्षेप तारकांच्या दिशेने निघून गेला आहे. ज्या विस्ताराचा तो संक्षेप, तो विस्तार पृथ्वीवर कोणाच्या कपाटात कोणत्या अवस्थेत असेल, हा प्रश्न येथे उरतो.

४

मैफल जशी घडली तशी टिपणे शक्य झाले ते चुंबकीय फितीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जगभर पसरले. भारतात आकाशवाणीने त्याचा उपयोग केलाच, पण त्याआधीही आकाशवाणीने श्रोता घडविला होता. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनची आकाशवाणी संगीत संमेलने यांनी दीर्घ गायन घरात आणले. १९६३ मध्ये सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर वारणा-कृष्णाकाठच्या गावांना जवळचे केंद्र मिळाले. ज्याला देवल क्लबाची पायरी चढण्याचे कारण नव्हते आणि दरबारी मैफलीचे तर नावच नको, अशा कोडोलीसारख्या गावातील श्रोत्याला राग नावानिशी ऐकण्याची सवय लागली ती येथून.

स्पूलवरील फितीचे गणित श्रोत्यांना तोंडपाठ असे. बाराशे फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने सुमारे बत्तीस मिनिटे चालते. पावणेचार इंच वेग ठेवला तर चौसष्ट मिनिटे मिळतात, पण आवाजाचा कस उणावतो. फीत महाग असल्यामुळे हिशेब नेहमी काटकसरीचा. त्यामुळे पुष्कळ मैफलींत बडा ख्याल ऐन रंगात असताना स्पूल संपते आणि पुढची लावेपर्यंतची दोन-तीन आवर्तने कायमची निसटतात. संग्राहकांच्या चर्चेत या खिंडी परिचयाच्या असतात. पोथीच्या अभ्यासकाला गहाळ पाने जशी माहीत असतात, तशाच त्या.

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने लहान कॅसेट आणली आणि पुढील दीड-दोन दशकांत भारतातही तिचा प्रसार झाला. साठ मिनिटांची आणि नव्वद मिनिटांची कॅसेट, खिशात मावणारी, स्वस्त आणि घरच्या घरी नक्कल करता येणारी. उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात केला आहे. बाजारपेठेच्या अंगाने केलेल्या त्या विवेचनात जे दुय्यम राहते ते खासगी देवघेवीचे जग. एका मैफलीची नक्कल दुसऱ्या मैफलीच्या बदल्यात, विकायची नाही या अलिखित अटीवर. कायद्याने कलावंताला त्याच्या प्रयोगावरील हक्क दिला तो प्रताधिकार कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने. स्वतःच्या वापरासाठी आणि अध्यापन-संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण त्याच कायद्याने हक्कभंगातून वगळले. श्रोत्यांनी परस्परांत पाळलेला संकेत आणि कायद्याने नंतर मान्य केलेला अपवाद यांत साम्य असले, तरी कलावंताच्या संमतीचा प्रश्न त्याने पूर्णतः सुटत नाही. आपले गाणे टिपले जाऊ नये असे वाटणाऱ्या गायकाची इच्छा मोठी, की पुढील पिढीची गरज मोठी, हा वाद या मंडळींत आजही रंगतो.

५

आता या चर्चेच्या पद्धतीकडे वळावे. तिची तुलना पाठचिकित्सेशी केली तर ती अतिशयोक्ती ठरू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून १९४३ पर्यंत प्रमुख संपादक होते. हस्तलिखितांची गटवारी करणे, त्यांचे वंशवृक्ष मांडणे, समान चुकांवरून त्यांचे नाते ठरविणे आणि त्यातून उपलब्ध असलेला जुन्यात जुना पाठ गाठणे ही त्यांची रीत. ध्वनिफितींच्या जगात हेच घडते. फितीवरून फीत उतरविताना प्रत्येक पिढीत खरखर वाढते, वरचे स्वर बोथट होतात. एकाच मैफलीच्या दोन नकला समोर आल्या, की कोणती कोणत्या प्रतीवरून निघाली हे श्रोते अशा खुणांवरून ठरवितात. दोन्हींत एकाच ठिकाणी आवाज दबत असेल तर मूळ एक; एकीत निवेदन आहे आणि दुसरीत नाही, तर शाखा वेगळी.

पाठशुद्धीही होते. यंत्राचा वेग सहा टक्क्यांनी वाढला तर आवाज एक पायरी चढतो आणि काळी एक पट्टीत गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे भासते. गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असलेला श्रोता ही चूक तत्काळ पकडतो. तंत्रज्ञ त्याच निर्णयासाठी वेगळी खूण वापरतो : फितीवर नकळत उमटलेली विजेची घरघर. घरगुती वीजप्रवाहाची आवर्तने सेकंदाला पन्नास; घरघर त्याहून उंच ऐकू आली तर फीत वेगाने धावते आहे. ज्याला एरव्ही दोष म्हणून पुसून टाकावयाचे, तोच येथे पुरावा ठरतो. काळ आणि स्थळ ठरविण्यासाठीही अशीच अंतर्गत साधने कामी येतात : तबल्याचा बाज, तानपुऱ्यावर मागे गाणाऱ्या शिष्याचा आवाज, दाद देणाऱ्याचा ओळखीचा उद्गार, बाहेरून ऐकू येणारी आगगाडीची शिटी.

मात्र एका मूलभूत मुद्द्यावर हे श्रोते सुकथनकरांपासून दूर जातात. संपादकाला अनेक प्रतींतून एक पाठ सिद्ध करावयाचा असतो. पाठभेद तळटीपांत जातात. सुकथनकरांनाही महाभारताचा पाठ मुळात प्रवाही असल्याची पुरेपूर जाणीव होती. परंतु त्यांच्या कार्याचे साध्य एका पाठाची निश्चिती हेच होते. मैफलीच्या श्रोत्याला असे मूळ हवेच नसते. एकाच गायकाचा एकच राग, तीच बंदिश, वीस वर्षांच्या अंतराने गायिलेली. त्यांतील कोणती खरी, हा प्रश्न त्याच्या लेखी निरर्थक. तो पाठभेदांतच रमतो. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील महाकाव्य-गायकांची ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांच्या आधारे अल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) मध्ये असे प्रतिपादन केले, की मौखिक परंपरेत प्रत्येक सादरीकरण हे स्वयमेव मूळ असते. मराठी श्रोत्यांनी हा निष्कर्ष ग्रंथ न वाचता, केवळ ऐकण्याच्या सवयीतून गाठला होता. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) सारख्या ग्रंथाला जी सैद्धान्तिक चौकट उभारता आली, तिच्या पाठीशी मैफली ऐकण्याची आणि त्यांवर वाद घालण्याची अशीच दीर्घ परंपरा होती.

६

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गाण्याबरोबर आणखी बरेच काही येते. तंबोरे जुळविणे, गायकाचे खाकरणे, साथीदाराला दिलेली सूचना, मुलाचे रडणे, पत्र्यावर पडणारा पाऊस. हे सारे संहितेचा भाग की संहितेबाहेरचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पाश्चात्त्य रॉक संगीताच्या श्रोतृवर्गाकडे पाहणे उपयुक्त ठरते. कारण तेथे मैफलीच्या ध्वनिमुद्रणांभोवती अशीच, किंबहुना अधिक संघटित, परंपरा निर्माण झाली. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी वाद्यवृंदाने १९८४ मध्ये ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्या श्रोत्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. या वृंदाच्या शेकडो मैफली श्रोत्यांच्या देवघेवीतून टिकल्या. त्यांतील कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ ची मैफल अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या सूचीत घेतली. त्या रात्री, मे महिना असूनही, बाहेर बर्फ पडला होता. मैफलीच्या गुणवत्तेविषयी बोलताना तिचे चाहते बर्फाचा उल्लेख टाळत नाहीत.

१९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाचे उदाहरण याहून बोलके आहे. १७ ऑगस्टच्या दुपारी जो कॉकर यांचे गायन संपताच मोठे वादळ आले आणि कार्यक्रम कित्येक तास थांबला. वादळ चालून येत असता जमलेल्या लोकांनी पाऊस न पडो म्हणून केलेला सामूहिक घोष १९७० मध्ये निघालेल्या तीन तबकड्यांच्या संचात स्वतंत्रपणे समाविष्ट केला गेला. गाणे नाही, गायक नाही, फक्त वादळाची वाट पाहणारे श्रोते. आणि तरीही तो त्या संहितेचा अविभाज्य अंश मानला गेला. श्रोता येथे आस्वादकाच्या भूमिकेतून निर्मात्याच्या भूमिकेत शिरतो.

आपल्याकडील मैफलीत श्रोत्याचे हे स्थान नवे नाही. दाद ही गायकाच्या पुढील आवर्तनाला वळण देते, हे प्रत्येक कलावंत जाणतो. पावसाचे तर विचारावयासच नको; मल्हाराच्या प्रकारांना ऋतूचा संदर्भ परंपरेनेच बहाल केला आहे. त्यामुळे फितीवर पाऊस ऐकू येत असेल, तर गायकाने त्या वेळी मल्हारच का निवडला, की तो राग आधीच ठरला होता, असा प्रश्न श्रोते उपस्थित करतात. बाहेरचा आवाज अशा रीतीने अर्थनिर्णयात प्रवेश करतो. रोलाँ बार्थ यांनी १९७२ मध्ये आवाजाच्या पोताविषयी लिहिताना गाणाऱ्या देहाकडे लक्ष वेधले. मैफलीची फीत त्याच्या जोडीला ऐकणाऱ्या समूहाचा देहही टिपते, असे म्हणता येईल.

७

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा दृष्टिआड करता येणार नाहीत. ध्वनिमुद्रक यंत्र विकत घेण्याची ऐपत, मैफलीत यंत्र नेण्याइतकी यजमानाशी जवळीक आणि रात्रभर घराबाहेर राहण्याची मुभा ज्यांना होती, त्यांनीच या फिती तयार केल्या. ते बहुतांशी शहरी, मध्यमवर्गीय पुरुष होते. केसरबाई, मोगूबाई, धोंडुताई कुलकर्णी यांनी घराणे पुढे नेले. परंतु त्यांच्या गाण्यावर बोलणाऱ्या वर्तुळात स्त्रियांचा आवाज विरळच ऐकू आला. काय टिपावयाचे याची निवडही या वर्तुळाने केली. कोडोलीच्या आसपास भजनी मंडळे होती, जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठ्यांपुढे ढोल आणि हलगी वाजत होती, कोल्हापूरला पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांची थोर परंपरा होती. त्यांचे प्रयोग त्याच निगुतीने, पाठभेदांची नोंद ठेवून जतन झाले असते तर मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला केवढी सामग्री मिळाली असती! ख्यालाची वीस ध्वनिमुद्रणे तुलनेसाठी हाताशी आहेत, पण एकाच पोवाड्याची वेगवेगळ्या गावांतील दोन सादरीकरणे मिळविणे दुष्कर, या वस्तुस्थितीत अभिरुचीच्या श्रेणीव्यवस्थेचा एक इतिहास दडलेला आहे.

जे टिपले गेले तेही सुरक्षित नाही. फितीवरील चुंबकीय कण ज्या द्रव्याने चिकटविलेले असतात ते हवेतील आर्द्रता शोषते. कालांतराने फीत चिकट होते आणि यंत्रातून जाताना तिच्यावरील थर सुटू लागतो. काही जातींच्या फिती सौम्य उष्णतेत कित्येक तास ठेवून तात्पुरत्या वाजत्या करता येतात. तेवढ्या अवधीत त्यांची नक्कल करून घ्यावी लागते. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असलेल्या घरांत हे द्रव्य किती काळ तग धरणार? त्यातच २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. २०१९ मध्ये पंचगंगा, वारणा आणि कृष्णा या नद्यांनी दोन जिल्हे वेढले. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरून दुर्मीळ ग्रंथांची हानी झाली. ग्रंथालयाच्या हानीची बातमी होते. घरातील माळ्यावरून वा तळघरातून वाहून गेलेल्या कॅसेटींच्या खोक्यांची होत नाही. पाण्याप्रमाणेच आगीचाही घाला पडला. शाहूमहाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले कोल्हापूरचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, जळाले. ज्या भिंतींनी आवाज ऐकले त्याही आवाजाइतक्याच नाशवंत असतात, याची ती जाणीव होती.

संस्थात्मक प्रयत्न झाले आहेत. मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने ध्वनिमुद्रणांचा संग्रह उभारला आणि अशोक दा. रानडे यांच्यासारख्या विचक्षण अभ्यासकाचा त्याच्याशी निकटचा संबंध आला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ मध्ये संगीतविषयक अभिलेखागार सुरू केले. १९९० मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. खासगी संग्रहांतील फितींचे संगणकीय रूपांतर करण्याचे कामही ठिकठिकाणी होत आले आहे. या प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. त्यांतून ध्वनी टिकेल.

परंतु ध्वनी टिकला म्हणजे पाठ टिकला असे होत नाही. फितीच्या डबीवर बहुधा गायकाचे नाव, रागाचे नाव आणि कधी काळी घाईने लिहिलेले वर्ष एवढेच असते. ही मैफल कोणाच्या घरची, गायकाचा आवाज त्या दिवशी का बसला होता, अमुक जागेवर उठलेली दाद कोणत्या जाणत्याची, मधली तुटलेली आवर्तने कशी होती, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता वृद्ध आहेत. त्यांच्याबरोबर पाठचिकित्सेची सारी साधने जाणार. मग उरेल तो असा ध्वनी, ज्याचा वंशवृक्ष मांडता येणार नाही आणि ज्याच्या पाठभेदांना अर्थ देता येणार नाही. अल्लादियाखाँच्या बाबतीत गाणे गेले पण त्याविषयीचे बोलणे टेंब्यांच्या गद्यात उरले. पुढच्या पिढीच्या वाट्याला याच्या नेमकी उलट अवस्था येण्याचा संभव आहे.

म्हणून फितींच्या जतनाइतकेच फितींविषयीच्या बोलण्याचे जतन हे मराठी समीक्षेचे आणि विद्यापीठीय संशोधनाचे कर्तव्य ठरते. जाणत्या श्रोत्यांना फीत ऐकवून, ती थांबवीत थांबवीत, त्यांचे म्हणणे टिपून घ्यावे; दोन श्रोत्यांचे मतभेद मिटविण्याचा प्रयत्न न करता ते तसेच नोंदवावेत; आणि हे सारे मूळ ध्वनिमुद्रणाशी जोडून ठेवावे. मराठी विभागांतून मौखिक वाङ्मयाचे जे क्षेत्रीय अभ्यास होतात, त्यांची पद्धती या कामी थोड्या फेरफाराने उपयोगात आणता येईल, आणि त्याच ओघात भजनी मंडळे व शाहिरी यांची राहून गेलेली ध्वनिमुद्रणेही करता येतील. वारणाकाठी वळीव दरवर्षी येतो आणि त्याआधीचा तो रिकामा तासही दरवर्षी येतो. त्या तासात बोलणारी माणसे मात्र एकेक करून कमी होत आहेत. काम त्यांच्या हयातीत सुरू व्हावयास हवे.